दुसऱ्या हाताने कापलेले केस

वसंता,

दवाखान्यात सगळे तुझ्या पायाकडे बघत होते. वहिनी, तुझा मुलगा गजू, सकाळच्या गाडीने अमरावतीहून धावत आलेली तुझी लेक मंगल, सगळ्यांचे डोळे त्या पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेल्या पायावर. मी मात्र तुझ्या डोक्याकडे बघत होतो. सिस्टरने तुझी ती कान-मान झाकणारी टोपी काढून उशाशी ठेवली होती आणि आठ महिन्यांत मी तुझं डोकं पहिल्यांदा उघडं पाहिलं. पाहिल्याबरोबर मला कळलं, तुझे केस दुसऱ्या कुणीतरी कापलेत.

माणूस मरणाच्या दारात आहे आणि याला केसांचं पडलंय, असं कुणी म्हटलं तर म्हणो. चाळीस वर्षं हातात कात्री धरली. कुणाची कात्री कुठून फिरलीय हे मला सांगावं लागत नाही. कानावरून मशीन फिरवलेली. मानेवरची कड चौकोनी. तुझी मान आखूड म्हणून मी जन्मभर ती कड गोल काढत आलो, आणि हा कोण शहाणा चौकोनी काढून गेला? कापून फार तर दहा दिवस झाले होते. दहा दिवसांपूर्वीच तू माझ्या दुकानात बाकावर बसून बिनसाखरेचा चहा प्यायला होतास. मी टोपीकडे बोट दाखवलं तर नेहमीसारखंच म्हणालास, "डाक्टरनं कात्री-वस्तरा बंद सांगतला देव्या. इन्फेक्शन होते म्हने. वाढू दे जेवढे वाढतीन तेवढे."

मी बरं म्हटलं. तुझ्यावर विश्वास ठेवायची सवयच होती मला.

तू शुद्धीवर आला नाहीस. आलास असतास तर पायाचं विचारण्याआधी मी तेच विचारलं असतं. तिसऱ्या दिवशी तू गेलास आणि माझं भांडण अर्धंच राहिलं. परवा तेरवी झाली. आता बाकीचं भांडण इथे कागदावर करतो. ऐकून घे. यावेळी मधे बोलायची सोय नाही तुला.

आठवतं का, जठारपेठेतल्या दुकानात माझा बाप जेवायला घरी गेला होता आणि तू शाळा बुडवून खुर्चीत चढून बसला होतास. "काप बे, लय कारागीर समजतं सोताले." मी कापले. डावी बाजू वर गेली, म्हणून उजवी वर घेतली, मग पुन्हा डावी. तुझी आई झाडू घेऊन दुकानात आली होती. पंधरा दिवसांनी केस वाढले तेव्हा माझ्या बापाने तुला खुर्चीत बसवलं, तर तू खाली उतरलास. "तुमी नाई काका. देव्याच कापन." बाप हसून म्हणाला, "या पोराले डोकं नाई, पन काळीज हाय." त्या दिवसापासून तुझ्या डोक्याला दुसरा हात लागला नाही. निदान मी तसं समजत होतो.

सोमवारी आमची दुकानं बंद. तू सोमवारीच यायचास. अर्धं शटर वर करून आत वाकायचास, हातात मळ्यातल्या शेवंतीचा, झेंडूचा उरलेला हार. तो माझ्या बापाच्या फोटोला घालायचास आणि मग खुर्चीत. अकोट रोडवरचा मळा तुझे भाऊ बघायचे आणि देवळाजवळचं फुलांचं दुकान तू. बोटांना कायम ओल्या दोऱ्याचा वास. आणि केस कसले रे तुझे! फणी घातली की तिचे दात मोडायचे. लग्नातल्या वरापेक्षा हार घेऊन येणाऱ्या माळ्याचाच कोंबडा जास्त उंच, असं लोक म्हणायचे आणि तुला ते आवडायचं. आरशात बघून स्वतःच हसायचास. मी चिडवायचो, "बस झालं, नजर लागन." पण तो कोंबडा माझ्या हातचा होता, म्हणून मलाही आवडायचा.

एक गोष्ट भांडणाच्या भरात विसरलो असं नको व्हायला. लॉकडाऊन उठलं आणि लोक आमच्या हातांना घाबरायला लागले. गिऱ्हाईक दारावरून मान वळवून जायचं. बारा दिवस माझ्या खुर्चीत माणूस बसला नाही. तेराव्या दिवशी भर दुपारी तू आलास, आतलं स्टूल बाहेर रस्त्याच्या कडेला आणून ठेवलंस आणि त्यावर बसलास. "इथंच काप. सारी जठारपेठ पाहू दे." तोंडावरचा मास्कसुद्धा खाली केलास. मी मान खाली घालून कापत होतो. तू मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत होतास, "काय पाहून रायले? या, नंबर लावा." संध्याकाळपर्यंत चौघं आले. एवढं उघडं डोकं भर रस्त्यात मला देणारा तू, त्याच डोक्यावर माझ्यासमोर आठ महिने टोपी घालून बसलास. हे मला कसं पचायचं?

सुरुवात मीच पाहिली होती. सहा वर्षांपूर्वी, मानेच्या वर, रुपयाएवढी चकती. बोट फिरवलं तर गुळगुळीत. "चाई पडली तुले," मी म्हटलं आणि बापाने शिकवलेलं औषध केलं, गुंज उगाळून लावली. दोन-तीन महिन्यांत पांढरी लव आली. आपण दोघे खूश. मग दुसरी चकती आली. मग मानेवर केसतोड व्हायला लागले, एक बरा होईतो दुसरा. आणि एका सोमवारी तुझ्या कानामागे वस्तरा जरासा लागला, तर ते ओरखड्याएवढं लागलेलं पुढच्या सोमवारी तसंच ओलं. त्या दिवशी मी फडकं झटकून तुला म्हटलं, "उद्या उपाशीपोटी रक्त तपासाले चाल. शुगर हाय तुले."

तू हसलास. "आमच्या घरात गोड बोलाचीबी सवय नाई, शुगर कुठून येईन?"

आली होती. चांगली भरपूर आली होती. डॉक्टरकडे मी तुझ्यासोबत होतो. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत तुझे केस सगळीकडूनच विरळ व्हायला लागले. नुसत्या चकत्या नाहीत, कंगव्यात, उशीवर, फुलांच्या टोपलीत. आपण पुन्हा डॉक्टरकडे गेलो. त्याने नीट समजावून सांगितलं. चाई वेगळी आणि हे विरळ होणं वेगळं, तुझ्यात दोन्ही एकत्र आलंय. साखर बरीच वर्षं वाढलेली असणार, गोळीचा दोष नाही. आधी साखर खाली आणा, केसांना वेळ द्या. तू मान हलवलीस. तुझी मान माझ्या इतकी ओळखीची, तरी ती खोटी हलतेय हे मला कळलं नाही.

कारण तोवर ती बाई येऊन गेली होती. तू मला सांगितलंस तेव्हा हसत सांगितलंस, पण हात दोऱ्याशी उगाच चाळा करत होते. रोज महादेवाला हार नेणारी बाई. तिने तुझ्या डोक्यावरच्या चकत्या पाहिल्या आणि हातातला हार परत टोपलीत ठेवला. "देवाची फुलं हायेत भाऊ. अशी चाई असली तं हात नका लावू." ती पलीकडच्या दुकानात गेली. तिच्या मागून आणखी दोघी. चाई लागत नाही, पसरत नाही, हे मी दुकानात येणाऱ्या दहा जणांना सांगत फिरलो. पण तू दुसऱ्या दिवसापासून टोपी घालायला लागलास. फुलांचा माणूस होतास. डोक्यावरचे केस गेले तर तुझ्या हातचं फूल देवाला चालणार नाही, ही भीती तुझ्या मनात बसली ती बसलीच.

आणि त्यात तुझा तो धामणगावचा साडू. लग्नाच्या पंगतीत त्याने तुला ज्ञान दिलं, "गोळी बंद करा, केस वापस येतात, मी केली." तो बोलून जिलेबी वाढायला पुढे गेला. तू ते घरी घेऊन आलास.

आपलं शेवटचं भांडण तुला पाठ असेल. सोमवार होता. तुझ्या खिशात गोळ्यांची पट्टी होती, नेहमीसारखी वर डोकावणारी, मला दिसावी म्हणून ठेवलेली. मी ती बाहेर काढली. तीच पट्टी, तोच दुमडलेला कोपरा, तीन सोमवार एकही गोळी कमी झालेली नाही.

"हे काय होय?"

"खातो ना बे. दुसरी पट्टी घरी हाय."

"माया तोंडाकडे पाहून सांग."

तू आरशात पाहिलंस, माझ्याकडे नाही. "केस वापस येऊ दे. मंग खातो. तुले काय जाते? तुये तं सारे शाबूत हायेत."

"पाय गेल्यावर केस घेऊन काय करशीन? हार घालशीन त्याले?"

"पाय कोनाले दिसते? धोतराखाली रायते पाय. डोकं दिसते, देव्या. डोकं."

मग मी जे बोललो ते बोललो. कापायचं फडकं तुझ्या गळ्यातून ओढून काढलं आणि म्हटलं, "गोळ्या खाशीन तवाच माया खुर्चीत बसजो. नाई तं दुसरी खुर्ची पाह्य."

चाळीस वर्षांत मी तुला शंभर गोष्टी सांगितल्या. तंबाखू सोड, सोडली नाहीस. अनवाणी मळ्यात जाऊ नको, गेलास. डोळे तपास, तपासले नाहीस. त्या शंभरातली तू एकच ऐकलीस आणि तीही ही. शिवी द्यावी तसं बोललो होतो रे मी. ते काय असं पाळायचं असतं?

पुढच्या सोमवारी तू आलास, पण टोपी घालून, आणि बाकावर बसलास. म्हणालास, "खाऊन रायलो गोळ्या. मंगलनं अमरावतीले चांगला डाक्टर पाह्यला. पंधरा दिवसाले जातो." मग ते कात्री-वस्तरा बंदचं सांगितलंस. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मला वाटलं, माझं रागावणं लागू पडलं. बावळटासारखा दुकानात येणाऱ्या प्रत्येक शुगरवाल्याला तुझं उदाहरण देत बसलो. "वसंताभाऊले पाहा. एक डाव खडसावलं, आता घड्याळ लावून गोळी खाते." आठ महिने. सोमवारी तुलाही ते रंगवून सांगायचो, आणि तू बाकावर बसून ऐकायचास, चहाचा घोट घ्यायचास. एकदाही तुझा घोट घशात अडकला नाही? माझ्या तोंडून माझ्याच दुकानात खोटं वदवून घेत होतास तू, आणि मला पत्ता नव्हता.

दवाखान्यात सिस्टरने चादर वर केली तेव्हा तुझ्या नडग्या पाहिल्या. दोन्ही नडग्यांवर एक केस नाही. कातडी ताणलेली, चकाकणारी. मी डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, पायापर्यंत रक्त नीट पोचत नव्हतं, बऱ्याच दिवसांपासून. आधी केस जातात, मग जखम भरत नाही. अंगठ्याला काटा रुतला असेल, यांना कळलंही नसेल. दोन महिने जुनी जखम होती ती. दोन महिने, म्हणजे आठ सोमवार. तू माझ्यासमोर पायावर पाय टाकून बसायचास, मोजे घालून. उन्हाळ्यात मोजे! मी विचारलं तर म्हणालास, "नातीनं देल्ले."

दहाव्याला मोर्णा नदीच्या काठी गजूचं मुंडण मीच केलं. त्याचे केस तुझ्यासारखेच दाट. बाकी लोक गुरुजींकडे बघत होते आणि मी प्रत्येक वस्तऱ्याबरोबर त्याचं डोकं तपासत होतो. काही नव्हतं. तरी म्हटलं, "दर सालाले रक्त तपासजो, गजू." तो म्हणाला, "हो काका." तुझी मानही अशीच हलली होती, म्हणून त्याच्या 'हो'वर मी काही भिस्त ठेवलेली नाही.

तिथेच वहिनींना विचारलं, याचे केस कोण कापत होतं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अमरावतीले. मंगलच्या घराखाली दुकान हाय एक. दर पंधरा दिवसाले तं जात होते. मले वाटलं तुमाले माईत हाय भाऊजी. तुमाले माईत नाई असं त्यायचं होतं काय काही?"

नव्हतं, वहिनी. मलाही तसंच वाटत होतं.

काल मी अमरावतीला गेलो. दुकान बंद ठेवून. पंचेचाळीस वर्षांचा असेल तो माणूस, दुकान लहान पण चकचकीत. मनात एकच होतं, याला विचारायचं, बाबा, तुझे डोळे फुटले होते का? चकत्या दिसल्या नाहीत, केसतोड दिसले नाहीत? मी काही न बोलता खुर्चीत बसलो. पहिल्यांदाच दुसऱ्याच्या खुर्चीत. त्याने फडकं बांधताना माझ्या बोटांवरचे कात्रीचे घट्टे पाहिले आणि आरशातून माझ्याकडे बघत थांबला.

"तुमी देविदास काका काय, अकोल्याचे?"

"कोनं सांगतलं?"

"वसंताकाकानं. म्हने, येईन एक दिवस. कात्री धरलेला हात पाहून समजन तुले. आन तुया कामात खोट काढन." तो किंचित हसला, मग हसणं आवरलं. "मंगलताईनं सांगतलं, काका गेले म्हनून."

मी विचारलंच. तो चिडला नाही. कात्री खाली ठेवली.

"दिसलं ना काकाजी. सारं दिसलं. पहिल्याच दिवशी म्हटलं, काका, शुगर हाय काय तुमाले? म्हने, तू केस काप. दुसऱ्या डाव म्हटलं. म्हने, तू केस काप. आरशाकडे पाहातच नव्हते, खुर्ची फिरवाले लावत. दोन महिन्याआंधी लंगडत आले, मोजा काढून मले अंगठा दाखवला. मी म्हटलं, आत्ताच दवाखान्यात चाला, मी दुकान बंद करतो. तं उठून उभे रायले, मंगलताईले सांगाचं नाई अशी शपथ घातली, म्हने, 'दाखवला कारन तू कोनी नाई माया.'"

म्हणजे तू दाखवलास, वसंता. तो काळा पडत चाललेला अंगठा तू त्या माणसाला दाखवलास, ज्याचं नावसुद्धा तुला धड माहीत नसेल. वहिनींना नाही, गजूला नाही, मंगलला नाही. मला नाही. एवढ्या जन्मात एवढी मोठी फसवणूक माझी कुणी केली नाही. माझा सख्खा भाऊ वाटणीत असा वागला नाही.

"मंग माह्याकडे कावून नाई आला तो?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. बाकावरचं गिऱ्हाईक पेपरातून वर बघायला लागलं.

 त्याने ब्रश घेऊन माझ्या मानेवरचं फडकं झटकलं.

"मीबी हेच इचारलं होतं त्यायले. म्हने, 'देव्याचा हात डोक्यावर आला का माह्याच्यानं खोटं बोलवत नाई. बसलो का सारं सांगून टाकीन. मंग तो रडन. मले मराचं भेव नाई लागत, पन त्याले रडताना पाह्यनं नाई होत.'"

मला वाटलं होतं, कारण कळलं की राग उतरेल. उतरला नाही. उलट त्या परक्या दुकानात, परक्या फडक्याखाली, सगळ्यांच्या देखत मी ओक्साबोक्शी रडलो. तुला जे बघायचं नव्हतं तेच. बिचाऱ्याने पंखा वाढवला आणि दुसरीकडे तोंड केलं.

माझा हात डोक्यावर आला की तुला खोटं बोलता येत नव्हतं. मग तोच तर हात हवा होता ना तुला? रडलो असतो एक दिवस. रडून, शिव्या देऊन, त्या दिवशीच तुला ओढत दवाखान्यात नेलं असतं. अंगठा गेला असता, फार तर पाय गेला असता. बाकावर बसला असतास काठी घेऊन, टक्कल घेऊन, माझ्यावर चिडून. चाललं असतं मला. तसलाच चालला असता.

एवढा भरोसा होता माह्यावर, तं माह्याकडे याचं होतं ना बे.